शिंपल्याचा डोळा : बौद्ध जगातील मुक्ताशुक्ती आणि तिची निगा

काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या काळात विदर्भातील एका तालुक्याच्या गावी व्याख्यानाच्या निमित्ताने आमचे जाणे झाले. तेथील विहारात थायलंडहून दानरूपाने आलेली तथागतांची कांस्यमूर्ती आहे. मूर्ती उत्तम घडणीची, भूमिस्पर्श मुद्रेतील आणि आरशासारखी लखलखीत. परंतु जवळ जाऊन पाहिले तेव्हा मूर्तीचे दोन डोळे सारखे नाहीत असे ध्यानात आले. उजव्या डोळ्यात गुलाबी-हिरवट झाक असलेली मंद चमक होती. डावा डोळा चुन्यासारखा पांढरा पडला होता आणि त्याची कड खरवडल्यासारखी झिजली होती. विहाराची देखभाल करणाऱ्या वयोवृद्ध उपासिकेला आम्ही विचारले, तेव्हा ती माउली अभिमानाने म्हणाली, "दर पुनवेले आमी चिंच लावून घासतो सर. पाहा ना, कसं सोन्यावानी दिसते!"

त्या श्रद्धेपुढे काय बोलावे हे आम्हांला सुचले नाही. खरे सांगायचे तर डोळा का विझला, याचे उत्तर तेव्हा आमच्यापाशीही नव्हते. मूर्तीची शैली कोणती, कालखंड कोणता, आसनावरील लेख कोणत्या लिपीत आहे, याविषयी आम्ही अभ्यासक पानेच्या पाने लिहितो. पण मूर्ती ज्या द्रव्याची घडली आहे त्या द्रव्याची चौकशी क्वचित करतो. प्रस्तुत लेख त्या उणिवेतून जन्मला आहे. मूर्तीचे ते डोळे शिंपल्याच्या आतील चमकत्या अस्तराचे होते. संस्कृतात त्या शिंपल्याला मुक्ताशुक्ती म्हणतात, आपण मोत्याची शिंप म्हणतो. तिचा इतिहास पाहू लागल्यावर तो बौद्ध जगाच्या इतिहासाशी किती जागी गुंतला आहे, हे हळूहळू उलगडत गेले.

आरंभ शब्दापासून करू. मराठीतील 'शिंप' आणि 'शिंपला' हे शब्द संस्कृत 'शुक्ति'पेक्षा पालि-प्राकृतातील 'सिप्पि', 'सिप्पिका' या शब्दांना अधिक जवळचे आहेत. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात 'सिप्पिसम्बुक' असा जोडशब्द येतो. डोंगरातील स्वच्छ, नितळ जलाशयाच्या काठी उभा असलेला डोळस मनुष्य तळाशी असलेले शिंपले, शंख-गोगलगायी, खडे आणि माशांचे थवे स्पष्ट पाहतो, त्याप्रमाणे आस्रवांचा क्षय झालेला भिक्षू दुःख, दुःखाचे मूळ, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग यथार्थ पाहतो, असा तो दृष्टान्त आहे. यातील 'सम्बुक' म्हणजे संस्कृत शम्बूक. उत्तरकांडात ज्या शूद्र तपस्व्याचा शिरच्छेद होतो त्याचे नाव हेच, ही गोष्ट आमच्या वाचकांना सहज आठवेल. केवळ शब्दसाम्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. एवढे खरे की, तिपिटकातील शिंपला आणि शंबूक ज्ञानाच्या दृष्टान्तात येतात, आणि पाणी नितळ असेल तर ते कोणालाही दिसतात.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात, तसेच उदानात आणि अंगुत्तरनिकायात महासमुद्राचे आठ आश्चर्यकारक गुण सांगितले आहेत. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू आणि मही या महानद्या समुद्राला मिळाल्यावर आपापली नावे व गोत्रे टाकतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर पूर्वीचे नाव-गोत्र टाकतात, हा त्यांपैकी एक गुण. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी याच दृष्टान्ताचा आधार घेतला होता, त्यामुळे तो आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. याच प्रकरणात, नद्यांच्या दृष्टान्तानंतर थोड्याच अंतरावर, समुद्रात अनेक रत्ने आहेत असे सांगून त्यांची यादी दिली आहे, तिच्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. मुत्ता, मणि, वेळुरिय, सङ्ख, सिला, पवाळ, रजत, जातरूप, लोहितङ्क आणि मसारगल्ल अशी ती दहा नावे. मोती आहे, शंख आहे, पोवळे आहे. ज्या शिंपल्याच्या पोटी मोती जन्मतो तो शिंपला मात्र नाही. मोती काढून घेतल्यावर शिंपला टाकून द्यायचा, ही दृष्टी त्या काळच्या व्यापारी समाजाची असावी आणि यादीत तीच उमटली असावी, असे आम्हांस वाटते.

शंख आणि मोत्याची शिंप एकच, असा गैरसमज पुष्कळदा होतो, म्हणून येथेच भेद सांगितला पाहिजे. दोहोंचे मूलद्रव्य खटयुक्त, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच आहे. पण घडण निराळी. आपल्याकडील पवित्र मानला जाणारा शंख आत-बाहेर चिनी मातीसारखा पांढरा व घट्ट असतो; त्याला इंद्रधनुषी झाक नसते. सिंधुसंस्कृतीच्या काळी गुजरातच्या किनाऱ्यावर नागेश्वर येथे बांगड्या घडत, त्या याच शंखाच्या. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना जी अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदाने दिसतात, तो तिसराच प्रकार. त्यातही मोत्याची झाक नाही.

भिक्षूंना अलंकार वर्ज्य आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खन्धकात कर्णभूषणे, गळ्यातील साखळ्या, कटिसूत्रे, कंकणे, अंगठ्या यांची नावे घेऊन निषेध केला आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने उंच टांगलेले चंदनाचे पात्र पिण्डोल भारद्वाजाने ऋद्धीच्या बळावर आणले, त्या प्रसंगानंतर सोने, रुपे, मणी, वैडूर्य, स्फटिक, काच इत्यादींची पात्रे निषिद्ध ठरून लोखंडाचे व मातीचे अशी दोनच पात्रे उरली. परंतु विनय हा कोरड्या नकारांचा ग्रंथ नाही. डोळ्यांचा विकार झालेल्या भिक्षूंना अंजन ठेवण्यासाठी डबी लागली, तेव्हा ती कशाची असावी याचा निर्णय झाला: हाड, हस्तिदंत, शिंग, बोरू, बांबू, लाकूड, लाख, फळाचे कवच, तांबे-पितळ आणि 'सङ्खनाभि', म्हणजे शंखाचा मधला गाभा. सोन्या-रुप्याच्या डब्या वापरणाऱ्यांची लोकांनी निंदा केली होती. शंखाच्या गाभ्याच्या डबीला मात्र अनुज्ञा मिळाली. समुद्राच्या रत्नांत गणलेला शंख येथे औषधाच्या डबीचे साधे साहित्य झाला आहे. वस्तू मौल्यवान आहे की नाही यापेक्षा ती कशासाठी व कोणाच्या डोळ्यांदेखत वापरली जाते, यावर विनयाची नजर आहे, असे आम्हांस या प्रकरणावरून दिसते.

आणखी एक शब्द नोंदवण्याजोगा आहे. परिशुद्ध ब्रह्मचर्याला सुत्तांत 'सङ्खलिखित' असे विशेषण वारंवार लावलेले आढळते. आचार्य बुद्धघोषांनी त्याचा अर्थ घासून-धुऊन स्वच्छ केलेल्या शंखासारखे, असा केला आहे. म्हणजे शंख घासण्याची, धुण्याची, उजळवण्याची क्रिया त्या काळी इतकी नित्याची होती की तिच्यावरून शीलाची उपमा घेता आली. शंख कसा घासत आणि कशाने धूत, हे अट्ठकथेने सांगितले असते तर आमच्या उपासिकेला फार उपयोग झाला असता!

मोती व शिंपले समुद्रातून काढणारे हात कोणाचे होते? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांची उगमस्थाने दिली आहेत, त्यांत ताम्रपर्णी व पाण्ड्यकवाट ही दक्षिणेची नावे प्रथम येतात. महावंसाच्या अकराव्या परिच्छेदात देवानंपिय तिस्साच्या राज्यारोहणप्रसंगी आठ प्रकारचे मोती समुद्रातून आपोआप किनाऱ्यावर आले आणि राजाने ते सम्राट अशोकाकडे भेट म्हणून पाठविले, अशी कथा आहे. मोती आपोआप येत नसतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात पाण्ड्य राज्यातील कोल्खोई, म्हणजे कोरकै, येथे मोत्यांसाठी बुड्या मारण्याचे काम शिक्षा झालेल्या कैद्यांकडून करून घेतले जात असल्याची नोंद आहे. महावंसातील चमत्कार आणि पेरिप्लसमधील कैदी, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

मन्नारच्या आखातातील मोत्याची शिंप लहान व पातळ असते. तिच्यातून मोती उत्तम मिळतो, पण दारे-पेट्यांवर जडवण्याइतके जाड अस्तर मिळत नाही. त्यासाठी मोठे शिंपले व विशेषतः आग्नेय आशिया ते जपानच्या दक्षिणेकडील बेटे या समुद्रांत सापडणारा हिरवा मोठा शंबूक लागतो. त्यामुळेच की काय, ज्या धम्माच्या ग्रंथांत सिप्पी दृष्टान्तापुरती येते, त्याच धम्माच्या आश्रयाने तिची कला भारताबाहेर बहरली.

जपानमध्ये सम्राट शोमू इ.स. ७५६ मध्ये निधन पावला, तेव्हा सम्राज्ञी कोम्यो हिने त्याच्या वापरातील वस्तू नारा येथील तोदाइजी विहारातील महाबुद्धाला अर्पण केल्या. त्या शोसोइन नावाच्या लाकडी भांडारात आजतागायत जतन झाल्या आहेत. त्यांत शिंपला जडवलेली पाच तारांची बिवा आहे. प्राचीन पाच तारी बिवांपैकी जगात उरलेली ही एकमेव. तिच्या दर्शनी भागावर उंटावर बसून वाद्य वाजवणारा मनुष्य शिंपल्यात कोरला आहे. समुद्राचा शिंपला, वाळवंटाचा उंट आणि जपानचा विहार! उत्तरेकडे हिराइझुमी येथील चुसोन्जीमध्ये फुजिवारा नो कियोहिरा याने ११२४ मध्ये कोन्जिकिदो, म्हणजे सुवर्णमंदिर, पूर्ण केले. त्याचे अंतर्गत खांब व वेदिका दक्षिणेच्या बेटांवरून आणलेल्या हिरव्या शंबूकाच्या अस्तराने जडवल्या आहेत. कियोहिराने तरुणपणी युद्धांत आप्त गमावले होते. शत्रू आणि मित्र या दोन्ही बाजूंच्या मृतांच्या, इतकेच नव्हे तर मारल्या गेलेल्या पशुपक्ष्यांच्याही कल्याणाचा संकल्प त्याने केला होता. आठशेहून अधिक वर्षांनी, १९६२ ते १९६८ या काळात, हे मंदिर सुटे करून दुरुस्त करण्यात आले.

कोरियात गोर्यो राजवटीत या कामाने कळस गाठला. चिनी राजदूतमंडळातील शू जिंग याने ११२३ मध्ये कोरियाला भेट दिली आणि तेथील शिंपल्याच्या जडावकामाची सूक्ष्मता वाखाणली. १२७२ मध्ये तर सूत्रग्रंथ ठेवण्याच्या शिंपलाजडित पेट्या घडवण्यासाठी स्वतंत्र राजकीय खाते स्थापन झाले. पेट्यांची मागणी युआन सम्राज्ञीकडून आली होती. नखाएवढ्याहून लहान पाकळ्यांची शेवंतीची फुले, त्यांना जोडणारे पितळी तारांचे वेल आणि काळी लाख, असे त्या पेट्यांचे रूप आहे. ग्रंथासाठी इतकी देखणी पेटी करावी, ही कल्पना आम्हां पालिच्या विद्यार्थ्यांना भावते. मात्र अशा पेट्या आज जगात मोजक्याच उरल्या आहेत आणि त्यांतील बऱ्याच कोरियाबाहेर आहेत.

सयामकडे वळू, कारण आमच्या मूर्तीचे डोळे तेथून आले. अयुध्येचा राजा बोरोम्मकोट (१७३३-१७५८) याच्या काळात विहारांची दारे शिंपल्याने मढवण्याची कला परिपक्व झाली. पित्सनुलोक येथील सुप्रसिद्ध बुद्धमूर्तीच्या विहाराला त्याने १७५६ मध्ये अर्पण केलेली दारे आजही जागेवर आहेत. शिंपला घासून सपाट करायचा, बारीक करवतीने आकृती कापायची, तुकडे लाकडावर डिंक-लाखेने बसवायचे, मधल्या फटी लाख व राख यांच्या लगद्याने भरायच्या आणि सगळा पृष्ठभाग एकसारखा होईपर्यंत घासत राहायचे, अशी ती रीत. पुढे बँकॉकच्या वट् फो विहारात राजा तिसरा राम याच्या कारकीर्दीत, १८३२ च्या सुमारास, ४६ मीटर लांबीची शयनमूर्ती घडली. तिच्या तळपायांवर १०८ मंगलचिन्हे शिंपल्यात जडवली आहेत. कांस्यमूर्तींच्या डोळ्यांत शिंपला बसवण्याची प्रथा तर तेथे फार व्यापक आहे.

बोरोम्मकोटचे नाव निघालेच आहे तर एक विषयांतर क्षम्य व्हावे. श्रीलंकेत उपसंपदेची परंपरा खंडित झाली तेव्हा याच राजाने उपालि थेरांच्या नेतृत्वाखाली भिक्षुसंघ पाठविला आणि १७५३ मध्ये कँडी येथे उपसंपदा पुन्हा सुरू झाली. तोच सियाम निकाय. परंतु थोड्याच काळात तेथे उपसंपदा गोयिगम या वरिष्ठ मानलेल्या जातीपुरती मर्यादित करण्यात आली. शेवटी दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतून आलेल्या ञाणविमल यांना ब्रह्मदेशात अमरपूर येथे १८०० मध्ये उपसंपदा घ्यावी लागली. १८०३ मध्ये ते परतले आणि अमरपूर निकाय उभा राहिला. ज्या राजाने विहाराची दारे शिंपल्याने उजळली, त्याने पाठविलेल्या परंपरेचे दार श्रीलंकेत जातीने बंद केले. याचा दोष राजाकडे वा उपालि थेरांकडे जात नाही. पण समुद्राचा दृष्टान्त रोज पठण करणाऱ्या संघातही नद्या आपली नावे पुन्हा धारण करू शकतात, ही इतिहासाची नोंद लपवून चालणार नाही.

भारतात ही कला सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरातेत भरभराटली. खंबायत-अहमदाबादकडे सागवानावर काळ्या लाखेत शिंपला बसवून पेट्या घडत आणि पोर्तुगीज व्यापारातून गोव्यामार्गे युरोपच्या राजवाड्यांत जात. फत्तेपूर सीक्री येथील सलीम चिश्ती यांच्या कबरीवरील छत्रही शिंपल्याचेच. पुढे मुंबई ही इराणी आखातातून येणाऱ्या मोत्यांची मोठी पेठ झाली. १८९३ मध्ये जपानात मिकिमोतोने शिंपल्यात अर्धमोती पिकवण्यात यश मिळविले, तेव्हापासून या व्यापाराचे स्वरूपच पालटत गेले.

आता द्रव्याकडे. मोत्याच्या शिंपेचे अस्तर सुमारे ९५ टक्के अॅरागोनाइट या खनिजाचे असते. हे खनिज अतिसूक्ष्म चकत्यांच्या रूपात थरावर थर रचलेले असते. एकेक चकती मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी जाड. चकत्यांच्या मध्ये प्राण्याने स्रवलेल्या प्रथिनाचा पातळ पापुद्रा असतो. विटा आणि चुना यांच्या भिंतीची उपमा येथे चपखल बसते. थरांची जाडी प्रकाशलहरींच्या लांबीच्या जवळपास असल्याने निरनिराळ्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि गुलाबी, हिरवी, निळी झाक उमटते. शिंपल्यात रंग नाही, रचना आहे. रचना मोडली की रंग जातो आणि उरतो तो पांढरा चुना.

चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक. तांब्या-पितळेवरचा काळपटपणा या आम्लांनी निघतो, म्हणून आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चिंच वापरली जाते, आणि भांड्यांसाठी ती योग्यच आहे. पण तेच आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला विरघळवते. दर पौर्णिमेला थोडेथोडे, अशा रीतीने त्या डाव्या डोळ्याचे वरचे थर नाहीसे झाले असणार. घासणाऱ्याचा उजवा हात समोरच्या मूर्तीच्या त्याच बाजूवर अधिक जोराने फिरत असेल, असा आमचा कयास आहे. पितळ घासण्याची पूड, राख, विटकरीचा चुरा यांनी वेगळी हानी होते. शिंपल्याची कठिणता दहाच्या मापावर साडेतीनच्या आसपास. धुळीतल्या वाळूच्या कणांची सात. म्हणून नुसत्या कोरड्या, धुळकट फडक्याने जोरात पुसले तरी ओरखडे पडतात.

हवेतूनही आम्ल येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाईन या इंग्रज संग्राहकाने संग्रहातील शिंपल्यांवर पांढरी पूड जमते असे नोंदवले आणि तो जंतूंचा रोग मानला. पुढे असे सिद्ध झाले की, कपाटांच्या लाकडातून व पुठ्ठ्यांतून सुटणाऱ्या आम्लयुक्त वाफांची ती क्रिया आहे. तेव्हा घरातील शिंपल्याची कर्णफुले, पदके वा गुंड्या कच्च्या लाकडाच्या पेटीत वा पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्षानुवर्षे कोंडून ठेवू नयेत. धुतलेल्या मऊ सुती कापडात, इतर दागिन्यांपासून वेगळे ठेवावे. सोन्या-रुप्याच्या कडा आणि खडे त्यांना ओरबाडतात. अत्तर, केसांचे तेल, पावडर लावून झाल्यावर दागिना घालावा आणि उतरवल्यावर किंचित ओलसर मऊ कापडाने पुसून लगेच कोरडा करावा, कारण घामही त्याला बाधतो. पाण्यात भिजत घालू नये. जडावाच्या खालचा डिंक सुटतो. सराफाकडील कंपनाने धुण्याच्या यंत्रात किंवा अमोनियाच्या पाण्यात तर मुळीच घालू देऊ नये.

विहारातील शिंपलाजडित वस्तूंसाठी याखेरीज आणखी काही सांगावे लागते. मेणबत्त्या व अगरबत्त्या मूर्तीच्या अगदी पायाशी लावल्याने काजळी चेहऱ्यावर बसते आणि ती काढण्यासाठी पुन्हा घासणे आले. त्या हातभर पुढे ठेवाव्यात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, शिंपला आकसत नाही, म्हणून तुकडे उचकटून येतात. दानपेटी वा ग्रंथपेटी उन्हाच्या झोतात ठेवू नये. उष्णतेने लाखही मऊ पडते. निखळलेला तुकडा सापडला तर तो घरच्या गोंदाने चिकटवू नये; कागदाच्या पुडीत घालून, कोठून निघाला ते लिहून, मूर्तीच्या आसनाखाली जपून ठेवावा आणि संग्रहालयातील जाणकारास दाखवावा. धातूचे अंग उजळवायचेच असेल तर डोळ्यांपासून चार बोटे दूर थांबावे.

हे सर्व आम्ही त्या विहाराच्या उपासकमंडळाला सविस्तर पत्राने कळविले. उत्तर आले ते त्या माउलीच्या नातीच्या अक्षरात. मूर्ती आता केवळ मऊ फडक्याने पुसतात आणि चिंच मेणबत्त्यांच्या पितळी बैठकींसाठी राखून ठेवली आहे. डावा डोळा पूर्ववत होण्याचा काही उपाय आहे का, असे तिने विचारले होते. विरघळलेला थर परत येत नाही. नवा शिंपला कापून बसवता येईल, पण ते काम जाणत्या हाताचे आहे, आणि जुना डोळा काढावा की राहू द्यावा याचा निर्णय त्या गावाने करायचा आहे, असे आम्ही तिला लिहिले.